कोबाल्टसचा रिकामा डबा

डबा आतून स्वच्छ होता. मी थांबले ती त्यामुळे.

खारदांड्याच्या वाळूत एक लाकडी होडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवली होती. तिच्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या सावलीत होडीवाल्या काकांची बायको मोठ्या कात्रीने फायबरची मॅट कापत बसली होती. तिला मी मावशी म्हणते. तिच्या बाजूला फळीवर, जेवणाची भांडी धुऊन घालतात तसा, एक लिटरभराचा प्लास्टिकचा डबा उपडा घातला होता. मी खांद्यावरचं मॅटचं भेंडोळं खाली ठेवलं आणि डबा उचलून आत बघितलं. जांभळा डाग नाही, कडेला रेघ नाही, तळाला थेंब नाही. दुकानातून आणल्यासारखा.

तो डबा त्याच आठवड्यात मीच भरून दिला होता. त्यात जे होतं ते पाण्याने निघत नाही. साबणाने घासलं तरी कोपऱ्यात जांभळी छटा राहतेच. मग हा धुतला कशाने?

उत्तर मला बहुतेक माहीत होतं. पण ते वाचणाऱ्याला कळायचं तर डब्यात काय होतं ते आधी सांगायला हवं.

अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. फायबरच्या कामाला लागणारा माल मी विकते. रेझिन, मॅट, ब्रश, रोलर, आणि रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं. लहानसहान कामंही घेते, टाक्या, कुंड्या, मूर्तींचे साचे, होड्या. रसायनशास्त्रात बीएस्सी केलं होतं. त्याचा उपयोग मुलांचा अभ्यास घेण्यापलीकडे झाला नसता, पण सासऱ्यांनी गाळा बंद करायचं काढलं तेव्हा मी म्हटलं, मी बसते. बसले.

त्या डब्यात कोबाल्टस ऑक्टोएट होतं. 'कोबाल्टस' हा शब्द हल्ली जुना झाला. नव्या लेबलांवर कोबाल्ट लिहून पुढे रोमन दोन घालतात. अर्थ तोच. धातूचा अणू संयुगात शिरताना आपले काही इलेक्ट्रॉन देऊन बसतो. कोबाल्टने दोन दिले तर ते कोबाल्टस, तीन दिले तर कोबाल्टिक. फेरस आणि फेरिक शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, हे त्यातलंच. शेवटी 'अस' आलं की कमी, 'इक' आलं की जास्त. धातू तोच असतो, पण एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने रंग बदलतो आणि स्वभावही. कोबाल्टस शांत असतं, बाटलीत महिनोन्‌महिने पडून राहतं. नव्या बुटांच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यातल्या पुडीत पूर्वी निळे मणी यायचे, दमट झाले की गुलाबी व्हायचे, ते कोबाल्टस क्लोराइड. कोबाल्टिकला मात्र चैन नसते. जरा संधी मिळाली की कोणाकडून तरी एक इलेक्ट्रॉन ओढून घेऊन ते परत कोबाल्टस होऊ बघतं. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात आणि विषय संपतो. आमच्या धंद्यात तो तिथून सुरू होतो.

बाजारात कोबाल्टस कोणी म्हणत नाही. व्यापारी नुसतं कोबाल्ट म्हणतात आणि होडीवाले तेही नाही, ते 'जांभळं' म्हणतात. दुसरं रसायन कॅटॅलिस्ट. ते पेरॉक्साइड, दिसायला पाण्यासारखं, म्हणून ते 'पांढरं'. मधासारख्या दाट रेझिनमध्ये आधी जांभळं घालायचं, नीट ढवळायचं, आणि कामाला हात घालायच्या वेळी पांढरं. थोड्या वेळात रेझिनचा दगड होतो. आत घडतं ते असं. कोबाल्टस आपला एक इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडला देतं आणि पेरॉक्साइड फुटतं. इलेक्ट्रॉन दिल्यामुळे कोबाल्टसचं कोबाल्टिक होतं. ते कोबाल्टिक शेजारच्या पेरॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन ओढतं, म्हणजे तेही फुटलं, आणि स्वतः पुन्हा कोबाल्टस होऊन पुढच्याकडे वळतं. दर फुटण्याला उष्णता. पेरॉक्साइड संपत जातं, कोबाल्ट संपत नाही.

बादलीत ही उष्णता रेझिन वाटून घेतं. रेझिन मध्ये नसेल आणि ही दोन थेट एकमेकांत गेली तर वाटून घ्यायला कोणी नसतं. दोन्ही सारखी ओतली तर तिथल्या तिथे भडका. भरल्या कॅनमध्ये जांभळ्याचा नुसता अंश गेला तर सुरुवातीला काही कळत नाही. कॅन कोमट होतो, आत वायू धरतो, वायूने फुगतो, आणि जितका गरम होईल तितकं आतलं काम जोरात चालतं. पांढरं डोळ्यात गेलं तर डोळा जातो. धुवायला धावेपर्यंत गेलेला असतो. या धंद्यात काळा चष्मा लावणारे सगळेच उन्हासाठी लावत नाहीत.

म्हणून जांभळं मी शक्यतो सुटं देत नाही, रेझिनमध्ये मिसळूनच पाठवते. पण मासेमारी बंद असते ते महिने दमट. किनाऱ्यावर तर हवा पिळून काढावी अशी. रेझिन दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं, मग वरून थोडं जांभळं वाढवावं लागतं. ते माझ्या मिस्त्रीने मोजून घालायचं, असं ठरलं होतं. होडीची बाहेरची बाजू मिस्त्री करत होता. मासळी आणि बर्फ ठेवायच्या खणाला आतून फायबर मारायचं काम काका स्वतः करत होते, कारण हंगाम उघडायला थोडेच दिवस उरले होते. जांभळं आणि पांढरं एकत्र करायचं नाही, हे मी दोघा नवराबायकोला समोर उभं करून सांगितलं होतं. मावशीने मान डोलावली होती.

"मावशी, हा डबा धुतला कोणी?"

"मी." तिने वर बघितलंही नाही. "सोडे ठेवायला बरा हाय. झाकण कसं घट्ट बसतंय बग."

"यात खायचं काही ठेवायचं नाही. धुतला कशानं?"

"पाण्यानं निघंना. साबणानं घासला, तरी नाय. मंग त्या पांढऱ्यानं धुतला. वाईच वतला, खळखळ केला, यकदम साफ. फेस पन आला, गो. जांभळा हिरवट झाला नि सुटला."

जांभळ्याचं हिरवट झालं होतं. वर्गात आम्हाला हा रंग परीक्षानळीत दाखवला होता, कोबाल्टसचं कोबाल्टिक झाल्याची खूण म्हणून. मावशीने तो हातात धरून हलवला होता. तिचा हात शाबूत होता, कारण डब्यात तळाला चिकटलेलं तेवढंच होतं.

"आणि ते खळखळलेलं? ते कुठं टाकलंत?"

"टाकीन कशाला? एवढं महागाचं." आता कात्री थांबली. "परत क्यानमधी वतलं."

मी डबा फळीवर ठेवला. ती समजावायला लागली. "मिक्सरचं भांडं खंगाळलं की ते पानी आपन कालवनातच घालतो का नाय? मसाला वाया घालवत नाय ना कोनी. दोनी शेवटी त्या बादलीतच जायाचं, मंग काय झालं? आनि मी कुठं यकत्र केलं? मी डबा धुतला."

तिचं म्हणणं तिच्या बाजूने बरोबर होतं. एकत्र करू नका म्हटल्यावर जांभळं घेऊन पांढऱ्यात ओतणारी ती बाई नव्हती. पण भांडं खंगाळणं म्हणजे एकत्र करणं, असं तिच्या घरात कोणी कधी म्हटलेलं नव्हतं.

"कॅन कुठाय?"

"ह्यांच्याकडं. खनात."

"कधी धुतलात?"

"मगाशी. मिस्त्री जेवायला गेला तवा."

मी शिडी चढले. होडीच्या पाटावर पाय ठेवून खणाच्या तोंडाशी वाकले. ते तोंड एका माणसाला जेमतेम पुरेल एवढं, आणि आतून रेझिनचा उग्र वास आणि गरम हवा वर येत होती. काका माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले होते. तोंडाला फडकं, हातात रोलर. भिंतीवर नुकतीच लावलेली ओली मॅट ते दाबत होते. उजव्या गुडघ्याजवळ रेझिनची बादली आणि डाव्या गुडघ्याजवळ पांढऱ्याचा पाच लिटरचा चौकोनी कॅन. तो आता चौकोनी नव्हता. त्याला पोट आलं होतं.

दुसरी एक गोष्ट मी तेव्हाच बघितली. झाकणाखालून प्लास्टिकच्या पिशवीची कड बाहेर आली होती. या कॅनच्या झाकणाला मुद्दाम बारीकशी वाट ठेवलेली असते, आत धरलेला वायू निघून जावा म्हणून. होडीवर मात्र डिझेलचा कॅन लाटांनी कलंडतो, म्हणून हे लोक झाकणाखाली पिशवी घालून आवळतात. काकांचा हात आयुष्यभर तसाच चालत आलेला. त्यांनी याही कॅनला पिशवी लावली होती आणि ती वाट बंद करून टाकली होती.

"काका, वर या."

"मॅडम आल्या वाटतं." त्यांनी मान वळवली नाही. "हे एवढं झालं की येतो."

"ते राहू दे. आत्ता या."

"आत्ता कसं? ओलं हाय. सोडलं तर सुटून येईल नि मंग तुमीच बोलाल, काका, बुडबुडे ठेवलेत."

"नाही बोलणार. तुमच्या बाजूचा कॅन खराब झालाय. त्याला हात लावू नका आणि वर या."

मी असं बोलायला नको होतं हे लगेच कळलं, कारण कॅन म्हटल्यावर त्यांनी तो उचलला. कानांवर फडक्याची गाठ, वर माझा आवाज खणात घुमलेला. मला कॅन हवाय असं त्यांना वाटलं असणार. एका हाताने त्याची मूठ धरून त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला.

"घ्या."

"खाली ठेवा. हळू ठेवा."

"आता ठेवा, मंग घ्या. बाँब हाय काय ह्यात?"

"हो."

ते हसले. मग त्यांनी दुसरा हात कॅनच्या पोटाखाली घातला, आणि हसणं थांबलं. "गरम लागतोय."

"म्हणून सांगते. ठेवा आणि बाहेर या."

त्यांनी कॅन खाली ठेवला, पण बाहेर आले नाहीत. त्यांच्या डोक्यात आता डिझेलचा कॅन होता. उन्हात राहिलेला कॅन फुगला की काय करतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते त्याच्यावर वाकले आणि झाकणाला हात घातला.

"वाफ धरलीय. सोडतो, बसंल."

"काका, झाकण सोडू नका."

"अवो, वाफ गेली की झालं."

"वाफेबरोबर ते पांढरं तोंडावर येईल. डोळे जातील. दोन्ही."

हे मी ओरडून म्हटलं नाही. ओरडलं तर माणूस दचकतो आणि हात फिरतो. मी बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. त्यांचा हात झाकणावरच राहिला. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मला स्पष्ट वाचता येत होता. ही बाई पुस्तकातलं बोलते. हिला माझं काम अर्ध्यावर सोडायला लावायचं आहे. आणि एक झाकण मला उघडता येत नाही असं हिला वाटतं.

मावशी शिडीवर माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने माझा खांदा बाजूला केला.

"अवो. वर या."

"तू गप ऱ्हा. हिचं काय ऐकतेस?"

"मी त्याच्यात जांभळं वतलंय."

"कशात?"

"क्यानमधी. डबा धुतला नि वतला. वर या."

"मंग काय झालं? थेंबभर असंल."

"तुमी येताव का मी उतरू?" असं म्हणून तिने पदर खोचला, खणाच्या कडेवर बसली आणि एक पाय आत सोडला.

तो खण दोघांचा नव्हता. ती उतरली असती तर त्यांना हलायलाही जागा राहिली नसती. आणि ती उतरणार यात त्या माणसाला तिळमात्र शंका नव्हती, इतक्या वर्षांचा संसार होता. त्यांनी झाकणावरचा हात काढला, रोलर बादलीत टाकला आणि शिव्या देत वर आले. शिव्या कोणाला होत्या ते नीट कळलं नाही. मला असाव्यात.

वाळूत उतरल्यावर मी पाण्याच्या पिंपाकडे गेले. होडी धुवायला तिथे निळं पिंप भरून ठेवलेलं असतं. मी बादली बुडवली तेव्हा काकांना माझा बेत कळला, आणि त्यांनी बादलीची कडी धरली.

"पानी टाकनार तुमी खनात?"

"हो."

"ओलं फायबर हाय. पानी लागलं की सगळं पांढरं पडंल. चार दिवस गुडघ्यावर बसून लावलंय मी ते."

"माहितेय."

"मंग?"

"कॅन गार करायला दुसरं काही नाही."

"मी जातो नि उचलून समुद्रात फेकतो. दोन मिनटं."

"तेवढा वेळ तो तुमच्या छातीशी असणार."

त्यांनी कडी सोडली नाही. मीही सोडली नाही. आजूबाजूच्या होड्यांवरची दोन-तीन माणसं काम थांबवून बघायला लागली होती. मला त्या वेळी खणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं आणि न बघताही राहवत नव्हतं.

"आपोआप गार व्हनार नाय?" हे मावशीने विचारलं. "थेंबभरच तर व्हतं. किती वेळ चालंल ते?"

कॉलेजात हा प्रश्न कोणी विचारला असता तर मी फळ्यावर लिहिलं असतं. इथे फळा नव्हता. "मावशी, ते खर्चच होत नाही," मी म्हटलं. "पांढऱ्याला फोडतं, आपला रंग बदलतं, परत पहिल्यासारखं होतं आणि पुढच्याला फोडतं. कॅनमधलं पांढरं संपेपर्यंत तो थेंब तेवढाच राहणार. पाच लिटर आहे."

"म्हंजे विरजणासारखं?"

"हो. पण दह्याला उष्णता सुटत नाही."

ती क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली. मग आमच्या दोघांच्या हातातून बादली काढून घेतली, शिडी चढली आणि खणाच्या कडेला उभी राहिली. मी तिला सांगितलं, तोंड फिरवा, वाकू नका, लांबून ओता. तिने तसंच केलं. पाणी आत पडल्याचा आवाज आला. तिने रिकामी बादली खाली फेकली. मी दुसरी भरून दिली. तिसरी. काका कमरेवर हात ठेवून वाळूत उभे होते. चौथ्या की पाचव्या बादलीला त्यांनी माझ्या हातातली बादली हिसकावली. मला वाटलं फेकतात. पण ते स्वतः भरायला लागले. मावशीला वर पोचवायला त्यांचा हात माझ्यापेक्षा लांब होता. तरी तोंडाने चालूच होतं, गेलं, सगळं गेलं, पंधरवड्याची मेहनत गेली. मघाशी ते चार दिवस म्हणाले होते.

खणात गुडघाभर पाणी झालं असेल तेव्हा आवाज आला. कुकरची शिट्टी होता होता राहिली तर येतो तसा, लांबलेला आणि ओला. मी मावशीला खाली यायला सांगितलं. ती शिडीची मधली पायरी चुकली आणि वाळूत बसली. खणाच्या तोंडातून पांढुरका धूर वर आला, त्याला नाकात झोंबणारा, व्हिनेगरच्या जवळचा वास होता. मी सगळ्यांना वाऱ्याच्या बाजूला नेलं. आम्ही तिथे उभे राहिलो आणि वाट बघितली. आत पाणी बुडबुडत असल्याचं ऐकू येत होतं. मग ते कमी झालं. मग नुसतं पाणी.

काकांनी फडक्याची गाठ सोडली.

"एवढंच?"

मी बादली पिंपाशी नेऊन पालथी घातली.

मिस्त्री जेवून, पान खाऊन आला तेव्हा आम्ही तिघं एका रांगेत उभे राहून एका होडीकडे बघत होतो. त्याने आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झाला?" तो देवगडचा, त्याला कोणाला घाबरायची सवय नाही. मी सांगितलं. तो वाळूत बसला. आमच्यात त्या गोष्टीचा अर्थ पुरता कळलेला तो एकटाच दुसरा होता. वीस वर्षं तो हे काम करतोय. मग तो एवढंच म्हणाला, "जांभळा आता मी माझ्या पिशवीत ठेवतलंय."

संध्याकाळपर्यंत मी कोणाला आत जाऊ दिलं नाही. पाणी उपसल्यावर कॅन सापडला. तो शिवणीवर उकलला होता, पाण्याखाली, खालच्या अंगाला. झाकण जागच्या जागी घट्ट होतं, पिशवीसकट. हे काकांनी मला मुद्दाम दाखवलं. "बघा. फुटला कुठं? चिरला."

खणातलं फायबर त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. दुधाळ पांढरं पडलं, काही ठिकाणी मॅट भिंतीपासून सुटून लोंबत होती. ते सगळं खरवडून, घासून, वाळवून नव्याने लावायला हवं होतं. मिस्त्रीने ग्राइंडर लावला. माल मी पुन्हा पाठवला. दांड्यातल्या बाकीच्या होड्यांना रंग झाले, पताका लागल्या, नारळ झाला आणि त्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी पाण्यात गेल्या. काकांची ठोकळ्यांवर होती. सगळा किनारा रिकामा आणि त्यात एक होडी, ताडपत्रीखालून ग्राइंडरचा आवाज. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. काका पताका लावलेल्या होड्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभे राहिले, मग मला बघितलं आणि खणात उतरले.

गल्लीत त्यांनी काय सांगितलं ते मला मिस्त्रीकडून कळत राहिलं. अंधेरीच्या मॅडमनी एक कॅन गरम झाला म्हणून ओल्या फायबरच्या खणात पाणी ओतलं. वाफ सोडली असती तर काम झालं असतं. बायका घाबरतात. मिस्त्री रागावायचा. "मॅडम, सांगा ना तुमी त्यांका एकदा नीट. नायतर मी सांगतंय."

"काय सांगणार?"

"काय झाला असता ता."

पण झालं नव्हतं. जे झालं नाही ते दाखवता येत नाही, आणि मी त्यांच्या जागी असते, माझी होडी मागे राहिली असती, तर मीही हेच म्हटलं असतं. मी मिस्त्रीला गप्प बसायला सांगितलं.

मावशी मला खारच्या मासळी बाजारात भेटली. होडी तोवर पाण्यात गेली होती आणि तिच्यासमोर पाटीत पहिल्या पाण्याचे बोंबील होते. तिने मला वाटा लावून दिला आणि गिऱ्हाईक नाही असं बघून आवाज खाली आणला.

"बाय, खरं सांग. फुटला असता?"

"माहीत नाही."

"म्हंजे?"

"कदाचित फुटला असता. कदाचित असाच चिरला असता. पण त्यांनी झाकण सोडलं असतं तर तोंडावर आलंच असतं. ते नक्की."

ती बोंबलांवर पाणी शिंपडत राहिली. "मी त्यांना सांगत नाय. सांगितलं तर बोलतील, तूच वतलंस. ते बी खरंच हाय." मग एकदम गिऱ्हाईकाला द्यावा तसा आवाज चढवून, "घे गो अजून दोन, तुझ्या घरी खानारे हायेत."

काका अजून माझ्याकडूनच रेझिन घेतात. दुसरीकडे लांब पडतं. गाळ्याच्या दारात उभे राहतात, आत येत नाहीत, बसा म्हटलं तर बसत नाहीत. काय हवं ते मिस्त्रीला सांगतात आणि माल बांधून होईपर्यंत माझ्याकडे रोखून बघत राहतात. मी मान खाली घालून बिल करते. बघू देत. दोन्ही डोळ्यांनी बघतात, मला तेवढं पुरतं.